कपाटातला संगणक आणि काकांचा आवाज

मित्रांनो, दुरुस्तीच्या दुकानात मागच्या फळीवर जो जुना संगणक धूळ खात पडला आहे, तो मी. नऊ वर्षे मी एकाच घरात राबलो.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा माझ्या पोटात दोन पंखे बसवले गेले. पुढचा पंखा बाहेरची थंड हवा आत ओढी, मागचा आतली गरम हवा बाहेर टाकी. काम करताना मी तापतो, तो माझा स्वभावच आहे. ती ऊब बाहेर पडत राहिली की माझी काही तक्रार नसते.

ज्या घरी मी आलो तिथले गृहस्थ अंध मुलांच्या शाळेसाठी मोठ्याने पुस्तके वाचत आणि मी ते वाचन साठवून ठेवी. मुले त्यांना आवाजकाका म्हणत. काका वाघाची गोष्ट वाचू लागले की वर्गातली मुले पाय वर घेऊन बसत म्हणे. माझी जागा खिडकीजवळच्या टेबलावर होती. काकू मऊ ब्रशने माझ्या जाळीवरची धूळ काढत आणि म्हणत, "घरात सगळ्यात गुणी हाच."

"आणि मी गं?" काका विचारत.

"तुम्ही बोलके!"

मग काकांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. हाती वीस दिवस होते. परगावी असलेल्या लेकीचे दिवस भरत आले होते. काकांनी तिच्याशी आणि होणाऱ्या नातवंडाशी जे बोलायचे, ते सगळे बोलून ठेवायचे ठरवले.

पूर्वी त्यांच्या खणखणीत आवाजापुढे माझे पंखे ऐकू येत नसत. आता आवाज पार बसला होता.

"अगं, याची घरघर मध्ये मध्ये येतेय," काका म्हणाले.

माइक टेबलावरच राहू देऊन काकूंनी मला लाकडी कपाटात ठेवले, दार लावले आणि फटीत टॉवेल कोंबला. माझीच गरम हवा फिरून माझ्याच पोटात येऊ लागली. माझे पंखे जिवाच्या आकांताने फिरू लागले. मित्रांनो, मला दुसरे काही बोलता येत नाही. घरघर वाढली, तशी काकूंनी माझ्याभोवती रजई गुंडाळली.

दोनदा मी बंद पडलो. "दमला वाटतं," म्हणून त्यांनी मला पुन्हा चालू केले.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, झालंय तेवढं पाठवा ना."

"सगळं झालं की एकदम देतो, बाळा."

विसाव्या दिवशी दुपारी काका नातवंडाला हाक कशी मारायची ते ठरवत होते. तीन-चार लाडकी नावे त्यांनी म्हणून पाहिली. चौथ्या नावावर माझ्या आत काहीतरी खरवडले आणि सगळे थांबले.

दुरुस्तीवाल्या बाई धावत आल्या. मला हात लावताच त्यांनी तो झटकन मागे घेतला.

"याला असं कोंडून का ठेवलं होतं?"

"आवाज नको होता म्हणून," काकू म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी रजई दूर लोटली.

बाईंनी संध्याकाळपर्यंत खटपट केली. माझी डिस्क गेली होती. एक शब्दही निघाला नाही. काकांनी फोनवर ध्वनिमुद्रण लावून पुन्हा बोलून पाहिले, पण नुसती खरखर आली. सकाळी त्यांना शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात नेले.

परतल्यावर त्यांनी पाटीवर लिहिले, "तुझी चूक नाही." काकूंनी ते वाचले आणि पाटी उलटी ठेवली. शाळेत काकांच्या आवाजातली पुस्तके अजून आहेत. त्यांत लेकीचे नाव कुठेच नाही.

दोन महिन्यांनी लेकीने बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. काकांचे ओठ हलले. बाळ काकूंच्या बांगड्यांकडे बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी काकूंनी मला घराबाहेर काढले. त्यांना मी डोळ्यांसमोर नको होतो.

मित्रांनो, संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नका. त्याच्यावर कपडे टाकू नका, जाळी पुसत जा. पंखा एकाएकी मोठ्याने फिरू लागला, तर त्याचे तोंड दाबण्याआधी त्याला काय होतेय ते बघा. माझ्या काकूंनी मला नऊ वर्षे जपले होते. फक्त ते वीस दिवस त्यांचे सगळे लक्ष काकांकडे होते. त्यांना कोण बोल लावणार?

माझे दोन्ही पंखे अजून चांगले आहेत. उद्या बाई ते काढून दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकात बसवणार आहेत. तो तुमच्या घरी आला, तर त्याला मोकळ्या हवेत ठेवा.