उकिरड्यावरची कलमं

शेजारचा म्हातारा कलमं बांधायला बसला की सुनेकडे पाठ करून बसायचा. ती पाणी घेऊन आली तरी चाकू मांडीखाली सारायचा. दोन घरांत कुंपण एकच, त्यामुळे हे मी रोज बघायची आणि माझं डोकं फिरायचं.

मुलगा वारला तेव्हाच त्यानं सुनेला माझ्यादेखत बजावलं होतं, "कलम बांधता येईल त्याची ही रोपवाटिका. पाऊस सरला की माझा पुतण्या येईल. तू माहेर बघ."

माहेरी भावजय हिला दारात उभी करत नव्हती. जाणार कुठं?

"मग मला शिकवा ना, मामंजी."

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" म्हातारा थुंकला आणि उठून गेला.

फसलेली कलमं तो कुंपणाशी उकिरड्यावर फेकायचा. सून केर टाकायला आली की तिथंच बसकण मारायची. एकेक कलम उचलायची, सांधा उकलून बघायची.

मी म्हटलं, "अगं, मेलेल्या रोपात काय शोधतेस?"

"कशानं मेलं ते. हे बघा काकू, इथं काप वाकडा गेलाय. आणि ह्याची सांध्यावर बांधलेली पट्टी सांधा धरायच्या आधीच सोडली."

मग माझा भाजीचा चाकू मागून नेला. तो अजून परत आलेला नाही. त्यांच्या गोठ्यामागं आपोआप उगवलेल्या रोपांवर ती कलमं बांधत गेली. पहिली सगळी वाळली. तिनं तीही उकलून बघितली.

एके सकाळी गोठ्यामागच्या रांगेला तांबूस पालवी फुटली. म्हातारा बघत उभा राहिला. मला वाटलं, आता उपटतो.

"धरली की गं पोरी," तो म्हणाला. "आता पट्ट्या सोड. आजच सोड, नाहीतर गळा आवळेल."

एवढ्या वर्षांत तो तिच्याशी असं गोड बोलला नव्हता. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

सून जागची हलली नाही. "सांधा कच्चा आहे अजून. आज सोडली तर पहिल्या वाऱ्याला उकलेल."

"कोणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच. तुम्ही फेकत होता, मी उचलत होते. आता पुतण्याला निरोप धाडा, येऊ नको म्हणून. शब्द तुमचाच आहे."

"आणि मी साक्षीला आहे," मी कुंपणावरून म्हटलं.

म्हातारा मला शिव्या घालत घरात गेला. पुतण्या काही आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा फसलेली कलमं जाळायला लागला. धूर थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो. डोळे चुरचुरतात, पण मी खिडकी लावत नाही.