जिभेचं वळण

"म्हण, काळी केळी, पिवळी फळं," आप्पासाहेबांनी फर्मावलं.

मथुराबाईंच्या ओसरीवर बसलेल्या माणसानं न अडखळता म्हटलं. प्रत्येक ळ स्वच्छ, अगदी पुण्याच्या कसब्यातला.

"आणखी एकदा."

त्यानं आणखी एकदा म्हटलं. आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली.

"झालं! नर्मदा ओलांडली की कुणाची जीभ ळकडे वळत नाही. फारसी येऊ दे, हिंदुस्थानी येऊ दे, सगळे 'ल'वर आपटतात. मथुराबाई, हा तुमचाच दिगंबर. साखर वाटा!"

आप्पासाहेब आळीतले जाणते. पानिपताला चौदा वर्षं झाली, तेवढ्यात तोतये काय थोडे आले होते? दाढी वाढवून यायचे, चार दिवस तूप ओरपायचे नि पसार व्हायचे. म्हणून त्यांनी ही परीक्षा शोधून काढली होती, आणि तिचा त्यांना भारी अभिमान. कानडी माणूस ळ म्हणतो, गुजराती म्हणतो, मारवाडी तर उठताबसता म्हणतो, हे त्यांना सांगायची आळीत कुणाची छाती नव्हती.

मथुराबाई खांबाला धरून उभ्या होत्या. पहिल्याच ळला त्यांची पकड घट्ट झाली होती. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गढूळ झालेले. समोरचा माणूस म्हणजे नुसता आकार. सकाळी तो आकार दारात उभा राहिला तेव्हा "आलास रे दिगू!" म्हणून त्या स्वतःच त्याच्या गळ्यात पडल्या होत्या. बारा वर्षं उलटली तेव्हा आप्पासाहेब म्हणाले होते, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या. बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. जिवंत लेकराला अग्नी देऊ?

आळी पांगली. बाईंनी चाचपडत पान वाढलं. वरणावर तूप घालताना धार भलतीकडेच गेली.

दिगूच्या जिभेला ळचं ते वळणच नव्हतं. जन्मापासून. तो तोफखान्याच्या गाड्यांबरोबर गेला त्यानंतर बाई या आळीत राहायला आल्या, म्हणून इथं कुणाला ठाऊक नव्हतं.

"तुझं नाव काय रे, बाबा?"

घास त्याच्या हातातच राहिला.

"भैरू. मारवाडचा. उंटवाला."

"आणि माझा दिगू?"

"दोन पावसाळे झाले, माई. तापानं गेला. पाय तुटलेला, पुढं प्रवास झेपेना, म्हणून आमच्याच घरी राहिला. मराठी त्यानंच शिकवली मला. आईला जाऊन सांग म्हणाला. सांगायलाच आलो होतो. तुम्ही गळ्यात पडलात. मग तोंडच उघडेना."

बाई भिंतीला टेकून बसल्या आणि रडल्या. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबला होता. बऱ्याच वेळानं त्यांनी नाक पुसलं.

"जाताना काय म्हणाला?"

भैरूनं खाली मान घातली. जन्मापासून ळ म्हणणारी जीभ त्यानं जपून सरळ ठेवली.

"आई, कालजी करू नको."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा म्हण."

त्यानं पुन्हा म्हटलं.

"जेव आता," त्या म्हणाल्या. "आणि हात धुतलेस की आप्पासाहेबांकडे जा. म्हणावं, मथुराबाईंना दर्भ हवाय."