रेघेभोवतीचा पट्टा

मंजूच्या पीएचडीसाठी बोदलकसा तलावाची खोली सहा वर्षं मोजली ती तिच्या बापाने, उदारामने. डोंग्यात उभं राहून खुणांचा बांबू एकाच जागी तीनदा पाण्यात सोडायचा आणि तिन्ही आकडे लिहून घ्यायचे. एका मापाचा भरोसा नाही म्हणे तो, आणि एकही आकडा खोडू देत नसे.

आता कॉम्प्युटरवर मंजूने आलेख काढला. मधे सरासरीची निळी रेघ आणि तीन मापांत जेवढा फरक, तेवढा रेघेभोवती फिका पट्टा. चार वर्षं तो पट्टा दोऱ्याएवढा बारीक होता, मग रुंदावतच गेला. पोरगी शिकलेली, म्हणून आधी स्वतःचंच गणित तपासत बसली. त्यात काही चुकलं नव्हतं.

चहा घेऊन उदाराम मागे येऊन उभा राहिला.

“जागा तं एकच हाय वो. मंग हा पट्टा काऊन फुगून राहिला?”

मंजूने मागे वळून पाहिलं. त्याच्या हातातली कपबशी खडखडत होती.

उदारामने बशी खाली ठेवली आणि उजवा हात खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून घेतला.

“मले वाटे, तुले दिसत नसन,” तो म्हणाला.