वरचा सूर

बँड सोडताना त्याने बाकीच्या तिघांना घरी बोलावून सांगितलं, "माझ्यातल्या कलावंताला आता एकटं राहायचंय."

"राहू दे की," ड्रमवाला ढोल्या म्हणाला. "आमची कुठे त्याच्याशी ओळख होती!"

खांद्यापर्यंतच्या केसांमुळे बँड सोडणाऱ्या या गायकाला सगळे आयाळ म्हणत. गाणी तोच लिहायचा, पुढे उभा तोच राहायचा. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात शेवटी 'परत ये, दार उघडंच आहे' ही ओळ वर वर चढत जायची. शेवटच्या सुराला आयाळ मान मागे टाकून, माइक हातभर लांब धरून तोंड उघडायचा आणि पब्लिक खुर्च्यांवर चढायचं. तो सूर मात्र मागून, झांजांच्या आडून, ढोल्या लावायचा. पूर्वी एकदा आयाळचा घसा बसला म्हणून केलेली ही सोय. घसा सुटला, सोय राहिली. पुढे प्रत्येक पोस्टरवर आपलंच उघडं तोंड बघून आयाळचा ठाम समज झाला, की सूर आपलाच. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं. याची तीही पंचाईत.

"वरचं जमेल ना रे?" दातांची डॉक्टर असलेल्या त्याच्या ताईने विचारलं.

"ताई, तू दाढा बघ."

घरच्या तालमीत त्या जागी तो नुसताच आ करायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

पहिला एकट्याचा कार्यक्रम लहानशा हॉलमध्ये होता. हा पडला तर परतीची वाट नव्हती. बँडने नवा गायक घेतला होता, तोही टकला. मागच्या रांगेत ताई आणि शेजारी फुकट पासवर आलेला ढोल्या.

ते गाणं आलं. ओळ चढली. आयाळने मान मागे टाकली, माइक लांब धरला, आ वासला.

काहीच नाही. कुठेतरी एक खुर्ची कुरकुरली.

त्याने साउंडवाल्याकडे डोळे वटारले. स्पीकरमधून शांत आवाज आला, "साहेब, माइक चालू आहे. तुम्ही चालू व्हा."

हॉल खदखदला. मागे ढोल्याने सवयीने छाती भरून घेतली, तोच ताईने त्याच्या पायावर पाय दिला. "गप बस. एकटं राहायचंय ना त्याला?"

आयाळने सूर लावून पाहिला. कुकरची शिट्टी बरी. कोणी शिट्टीही मारली. तो पाठमोरा झाला. मागे कोणी नव्हतं. क्षणभर वाटलं, आता हा विंगेतून थेट घरी जाणार. पण गिटार गळ्यात अडकलेली, वायर पायात. एवढ्या सरंजामासकट पळता येत नाही.

मग त्याने तीच ओळ खालच्या पट्टीत, हळू, जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. माइक तोंडाशी धरून. आवाज जरा खरखरीत होता, जरा घाबरलेलाही. पण होता त्याचा. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा हसणारे थांबले होते.

पुढच्या रांगेतल्या बाई मैत्रिणीला म्हणाल्या, "अगं, या गाण्याला शब्द आहेत!"

ढोल्याने नाक ओढलं.

"रडतोयस होय रे?" ताईने विचारलं.

"त्याची बायको सोडून गेली तेव्हाचं आहे का हे गाणं?"

"मग? तुला काय वाटलं होतं?"

"मी इतकी वर्षं कुत्र्याला हाक मारत होतो."