कटकटबाबांचा कट

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचं मनगट फडक्यात, कुणाचा अंगठा सुजलेला, आणि समोर उंच गादीवर महाराज. दुखरा हात शालीखाली घ्यायचा, डोळे मिटायचे, की आतून आवाज यायचा, "कट्". हाड जुळलं. भक्त त्यांना हाडमहाराज म्हणत. माघारी मात्र सगळे कटकटबाबाच म्हणायचे. एक्स-रेला नुसतं हाड दिसतं, महाराजांना म्हणे हाडाचा स्वभावही कळायचा.

रांगेत एक न्हावी होता. शटर ओढताना त्याच्या उजव्या हाताची अनामिका सापडली होती, आणि कात्रीच्या कडीत नेमकं हेच बोट जातं. ते वाकडं राहिलं तर धंदाच बसणार. बायको दवाखान्यात चला म्हणत होती, पण सासऱ्यांनी जावयाला ओढून इथं आणलं. बायको धुसफुसत मागोमाग आली.

"बोट हलतंय?" महाराजांनी विचारलं.

"थोडं. पण जीव जातो हो."

"हलतंय म्हणजे मोडलेलं नाही. हाड रुसलंय. समजूत काढू."

शालीखाली कट् झालं. मग महाराजांनी बोटाच्या मुळाशी सिद्ध केलेला दोरा करकचून आवळला. थोड्याच वेळात ठणका थांबला.

"बघा जावईबापू, मी काय सांगत होतो?" सासरे खुलले.

न्हाव्यालाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. फक्त तो आवाज डोक्यातून जाईना. पुढं एका म्हातारीचं मनगट आलं, मग एका पहिलवानाचा अंगठा. हाडं वेगळी, आवाज तोच. आणि हा आवाज तर ओळखीचा. गुंतलेल्या केसांत फणी अडकून दात मोडतो, तो.

त्यानं बायकोच्या कानात सांगितलं. तिनं त्याच्या बोटाकडं पाहिलं, तर ते निळं पडत चाललेलं. आपला धडधाकट डावा हात रुमालात गुंडाळून ती तडक गादीपाशी गेली.

"करंगळी मोडली हो, महाराज."

महाराजांनी शालीखाली चाचपलं. "अरेरे, दोन तुकडे." कट्. "बसलं बघ."

"कमाल आहे. मोडलीच नव्हती," ती म्हणाली आणि शाल ओढली. महाराजांच्या मुठीत अर्धी बोडकी फणी होती आणि मांडीवर दातांचा सडा पडला होता.

"ही भक्तांची परीक्षा होती," महाराज पुटपुटले.

"मग आम्ही पास झालो," म्हणत तिनं नवऱ्याचा दोरा कापला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटाचा एक्स-रे फोटो काढला. हाड सरळसरळ तुटलेलं. "मोडलेलं बोटही हलतं," त्या म्हणाल्या. "आणि दुखणं थांबलं ते रक्त थांबल्यामुळं. दोरा रात्रभर राहिला असता तर बोट काढावं लागलं असतं."

न्हाव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "कात्री धरता येईल?"

"येईल. पण मी सांगेन तेव्हाच." त्यांनी भूल देऊन हाड सरळ केलं, बोटाला आधाराची पट्टी बांधली आणि पुन्हा फोटो काढला.

"पण आवाज कसा नाही आला?" सासरे कुरकुरले.

"हाड बसलं का, हे ऐकायचं नसतं आजोबा, बघायचं असतं." डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो त्यांच्या हातात दिले.

सासऱ्यांनी ते उजेडात धरून बराच वेळ पाहिले. मग खाली बसून त्यांनी हळूच बूट काढला. आत पायाचा अंगठा चांगलाच वाकडा होता.

"हा महाराजांनीच बसवला होता," ते म्हणाले. "तेव्हापासून दुखतोय, पण बोलू कुणाला? याचाही फोटो काढा, बाई. खरं काय ते एकदा बघूनच घेऊ."