तीनपर्यंत

“मुलगी आत येईल. डोक्यावरचं हे झाड येणार नाही,” मुख्याध्यापिकाबाई शाळेच्या फाटकातूनच म्हणाल्या.

झुनिल्दाच्या एका हातात कंगवा होता आणि दुसऱ्या हातात भाचीचा, यारिबेलचा, हात. “बाई, पहाटे पाचपासून बांधलंय. समारंभाची चौकोनी टोपी बसावी म्हणून मागे जागासुद्धा ठेवलीय. एक केस हलायचा नाही.”

“हलो नाहीतर न हलो. चारला समारंभ आहे. केस नीट करून तीनपर्यंत आणा. नाहीतर पदक सोमवारी ऑफिसातून घेऊन जा.”

आमच्या सान पेद्रोत नीट म्हणजे काय, हे कुणाला विचारावं लागत नाही. नीट म्हणजे सरळ. बाईंचे स्वतःचे केस दर शनिवारी झुनिल्दाच सरळ करून देते. ते मुळात कसे आहेत, हे त्यांच्या नवऱ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक. पण फाटकात उभं राहून हे बोलायचं कुणी? झुनिल्दा फक्त ‘तीनपर्यंत आणते’ म्हणाली. मीही काही बोलले नाही. मी बेल्किस, त्याच पार्लरमध्ये नखं रंगवते. झुनिल्दाची खुर्ची माझ्या टेबलाला लागून आहे, आणि एकोणीस वर्षं मी तिला आमच्यासारख्यांचे कुरळे केस भाजून सरळ करताना बघत आले आहे.

त्या दिवशी नुसत्या पदकाचा प्रश्न नव्हता. राजधानीत ओदालिस नावाची एक बाई आहे. काळ्या बायकांचे केस न भाजता, न ताणता, जसे उगवतात तसेच कसे सजवायचे, याचे ती वर्ग चालवते. तिला आपल्या हाताखाली वर्ग घेणारी कुणीतरी हवी होती. झुनिल्दाने तिला आपल्या कामाचे फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘फोटोत सगळेच केस छान दिसतात. शुक्रवारी मी तुमच्या गावात समारंभाला येणार आहे. त्या टोपीखाली, त्या उकाड्यात टिकलेलं एक डोकं मला दाखवा.’

ते डोकं यारिबेलचं होतं. दोन वर्षं पोरीने केसांना गरम काही लावू दिलं नव्हतं.

“मावशी, तू सांगशील तसं,” पार्लरच्या वाटेवर ती म्हणाली. “पदक मी सोमवारी घेईन.”

पण पार्लरच्या दारात तिची आई दिल्सिया उभी होती. हॉटेलच्या चादरी धुऊन पोरीला शिकवणारी बाई ती. आज पहिल्यांदा सुट्टी मागून आली होती, नवा झगा घालून. सगळं ऐकून ती खालीच बसली. “झुनी, माझी पोर शाळेत पहिली आलीय गं. तिला स्टेजवर बघू दे मला. एकच दिवस. केस काय, परत उगवतील.”

झुनिल्दाने पोरीला खुर्चीत बसवलं. तिने एकेक पिन काढायला सुरुवात केली. डोकं धुतलं, रोलर लावले, पोरीला ड्रायरखाली बसवलं, आणि वीज गेली.

पार्लरच्या बॅटरीवर दोन दिवे आणि एक पंखा चालतो, ड्रायर चालत नाही. आमच्या मालकीणबाईंनी वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दिल्सिया माळ काढून जप करायला लागली. झुनिल्दा मात्र दाराशी टेकून उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटका दिसली.

“वीज येऊच नये असं वाटतंय ना?” मी हळूच विचारलं.

“गप बस, बेल्किस. देव ऐकतोय.”

“कुणाचं ऐकेल पण? तिकडे तुझी बहीण लागलीय त्याच्या मागे.”

एक वाजला. दोन वाजले. झुनिल्दाने पोरीच्या ओल्या केसांतून बोटं फिरवली आणि म्हणाली, “असेच बांधते आता. विजेपुढे आपण काय करणार? सांगू बाईंना.” बोलताना तिचा आवाज हलका झाला होता.

सव्वादोनला गल्लीच्या टोकापासून ओरडा उठला, “आली! आली!” आमच्याकडे वीज आली की सगळी गल्ली टाळ्या वाजवते. दिल्सियाही नाचली. झुनिल्दाने ड्रायर चालू केला.

हाताशी पाऊण तास होता. केस पुरते वाळायच्या आतच तिने रोलर काढले आणि स्ट्रेटनर शेवटच्या आकड्यावर नेला. एरवी ती तो आधी आपल्या मनगटाजवळ धरून बघते, मगच गिऱ्हाइकाच्या केसांना लावते. त्या दिवशी तेवढाही वेळ नव्हता. जळका वास आला. यारिबेल डोळे मिटून बसली होती. मी खिडकी उघडली.

समारंभ छान झाला. बाईंनी पोरीच्या गालाचा मुका घेतला. दिल्सिया इतकी रडली की तिला काही दिसलं असेल असं मला वाटत नाही. शेवटी ओदालिस आमच्याकडे आली. झुनिल्दाने तिला सगळं सांगितलं, अगदी विजेचंसुद्धा.

ओदालिसने शांतपणे ऐकून घेतलं. “फाटकात तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, तीनपर्यंत आणते.”

“माझ्याकडे येणाऱ्या मुली रोज अशाच फाटकांतून आत जातात. त्यांना तू काय सांगशील?”

मला भयंकर राग आला. राजधानीतून येऊन बोलायला काय जातं? पण झुनिल्दाने नुसती मान हलवली, जणू ते काम आता मिळणार नाही हे तिला आधीच माहीत होतं.

रविवारी अंगणात यारिबेलचं डोकं धुतलं. पाणी लागताच मागचे केस गोळा होऊन पूर्वीसारखे वळले. पुढचे वळले नाहीत. झुनिल्दाने ते तीनदा धुतले, तेल लावलं, बोटाभोवती गुंडाळून धरले. बोट काढलं की ते सरळच कपाळावर पडत.

“जळलेत,” ती म्हणाली. “माझ्या हातून आजवर कुणाचे जळले नव्हते.”

“काप गं मावशी,” यारिबेल म्हणाली. “रडू नकोस. मी नाही रडत.”

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मुख्याध्यापिकाबाई आल्या नव्हत्या; पुढच्या शनिवारी दहाला नेहमीप्रमाणे आल्या आणि झुनिल्दाच्या खुर्चीत बसल्या. “काय सुंदर दिसत होती गं तुझी भाची! जादू आहे तुझ्या हातात.”

“बसा सरळ,” झुनिल्दा म्हणाली. तिने स्ट्रेटनर उचलला, आधी आपल्या मनगटाजवळ धरून पाहिला, जरा निवू दिला आणि मग बाईंच्या केसांना लावला.