भैरीप्रसादची अक्षरं

मिरकरवाड्याच्या बंदरातल्या निम्म्याअधिक बोटींची नावं जानूंच्या हातची. चाळीस वर्षं त्यांनी ती ब्रशने लिहिली. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी ब्रश धुऊन ठेवला आणि त्यांच्या सुनेने, रुपालीने, घराच्या पुढच्या खोलीत चिकटवायची अक्षरं कापून देणारं रेडियम कटिंगचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक जुना कॉम्प्युटर आणि एक कटिंग मशीन.

रुपालीने एक गोष्ट मात्र हुशारीने केली. कॉम्प्युटरमधली तयार अक्षरं वापरायची नाहीत असं तिने ठरवलं. बोटी किनाऱ्यावर ओढल्या की ती मोबाईल घेऊन जायची, सासऱ्यांनी लिहिलेल्या नावांचे फोटो काढायची आणि कॉम्प्युटरवर ती अक्षरं रेषेवर रेष गिरवायची. जानूंचा 'र' माशाच्या शेपटीसारखा फाटायचा. त्यांची वेलांटी वल्ह्याच्या पात्यासारखी रुंद. सहा वर्षांत दोनशे सदतीस नावं झाली. गिऱ्हाइकाला मशीनवर कापलेलं नाव मिळायचं, पण अक्षर जानूंचंच.

जूनमध्ये कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप बंद पडायला लागला. दुरुस्तीवाल्या विनोदने डबा उघडला तर आत सगळीकडे तांबूस गंज.

"वहिनी, खारा वारा," तो म्हणाला. "डिस्क आजही बसेल, वर्षानेही बसेल. आतलं सगळं दुसरीकडे ठेव."

दुसरीकडे म्हणजे कुठे? रुपालीने डोंबिवलीला फोन लावला. तिची नणंद शमिका तिथल्या एका कंपनीत कामाला.

"क्लाउडवर टाक," शमिका म्हणाली. "सोपंय. तुझ्या मेलवर पंधरा जीबी फुकट मिळतात. कॉम्प्युटरवर त्या मेलवाल्या कंपनीचं अॅप घे, फोल्डर दाखव, ते आपलं आपण वर चढवतं."

"आणि वर म्हणजे कुठे?"

"त्यांच्या कॉम्प्युटरवर गं. इंटरनेटवरून. तुझा बिघडला तरी तिकडची प्रत राहते."

रुपालीने अॅप घेतलं, पासवर्ड वहीत लिहिला आणि 'नावं' हा फोल्डर दाखवला. पावसात इंटरनेटची रड होतीच. फाईली चढायला तीन दिवस लागले. शेवटच्या फाईलवर हिरवी खूण आली तेव्हा तिने नवऱ्याला, अनिलला, हाक मारून ती दाखवली. मासेमारी बंद असल्यामुळे तो घरीच होता. "बरं," तो म्हणाला आणि पुन्हा जाळं विणायला बसला.

चूक झाली ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात. कॉम्प्युटर जागा संपली म्हणून कुरकुरत होता. रुपालीने विचार केला, सगळं वर गेलंय, मग खाली कशाला अडगळ? तिने 'नावं' फोल्डर उडवला. इंग्रजीत काहीतरी पाटी आली, तिने ओके दाबलं. मग कॉम्प्युटरवरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. कॉम्प्युटर एकदम हलका चालायला लागला आणि ती खूश झाली.

एकोणतीस तारखेला यमुनाबाई आल्या. मासळीचा मोठा व्यापार आणि स्वतःची बोट, भैरीप्रसाद. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला मासेमारीवरची पावसाळी बंदी उठून समुद्र उघडणार होता. बोटीचा जुना रंग खरवडून नवा निळा मारून झाला होता, फक्त नाव राहिलं होतं.

"गेल्या वर्षीचंच नाव, तशीच अक्षरं," त्या म्हणाल्या. "उद्या येते."

रुपालीने क्लाउड उघडलं. 'नावं' नव्हतं. तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा उघडलं. तरी नव्हतं. शोधायच्या चौकोनात भैरीप्रसाद टाकलं, मग नुसतं भैरी. काहीच नाही. भैरीप्रसादचा फोटो ज्या मोबाईलमध्ये होता तो दोन वर्षांपूर्वी पाण्यात पडला होता आणि बोटीवरचं नाव तर खरवडून गेलं होतं.

शमिकाला फोन लावला, तो बंद. मग ती पडवीत गेली. जानू चहा बशीत ओतत होते.

"बाबा, माझ्याकडून मोठी चूक झाली."

तिने सगळं सांगितलं. जानूंनी बशी खाली ठेवली.

"सगळी गेली?"

"सगळी."

रुपालीने डोळे पुसले. जानू म्हणाले, "रडू नको गो बाय. नावं कुठं गेली? डोक्यात हायत. खडू आण."

अनिलने प्लायवूडचा तुकडा आणून दिला. जानूंनी चष्मा पुसला आणि 'भै' लिहायला घेतला. वळण सगळं बरोबर होतं, पण रेघ जागोजागी थरथरली होती. त्यांनी पुसून पुन्हा लिहिला, तिसऱ्यांदाही लिहिला. अनिल उगाच बाहेर पाऊस बघत उभा राहिला.

सकाळी यमुनाबाईंनी तो तुकडा हातात घेऊन नीट पाहिला.

"जानूभाऊ, रागावू नका," त्या म्हणाल्या. "पण हे माझ्या बोटीचं नाय."

"नाय," जानू म्हणाले. "मलाही नाय वाटत."

त्या गेल्या आणि पाचच मिनिटांत शमिकाचा फोन आला. रुपालीने एका दमात सगळं सांगितलं.

"अगं, ते दोन्हीकडे सारखंच ठेवतं," शमिका म्हणाली. "तू खालचं पुसलंस, त्याने वरचंही पुसलं. मी तुला हे सांगायलाच हवं होतं. क्लाउडचं ट्रॅश बघितलंस?"

"टोपली रिकामी केली मी."

"ती कॉम्प्युटरची. क्लाउडची वेगळी असते. ब्राउझरमधून उघड, डाव्या बाजूला बघ. कधी पुसलंस?"

"चार तारखेला."

"आज तीस. तीस दिवस ठेवतात. चार दिवस आहेत, बघ पटकन."

रुपालीने उघडलं. यादीत एकच फोल्डर होता. तिने त्यावर उजवी कळ दाबून परत आणा म्हटलं. चाक फिरत राहिलं. मग एकेक चौकोन उमटायला लागला: दर्याराणी, एकवीरा, जलपरी. भैरीप्रसाद अकरावा. रुपाली मोठ्याने हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरले.

जानू तिच्या मागे येऊन उभे होते. स्वतःची सगळी अक्षरं अशी एका जागी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"ती थांबव," ते एकदम म्हणाले. "दर्याराणी. त्यातली वेलांटी चुकलीय. तेव्हा घाईत होतो मी."

"दुरुस्त करू?"

"कर. बोटवाल्यांना सांगू नको."

दुपारी विनोद एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊन आला. सगळ्या नावांची दुसरी प्रत तिच्यावर उतरवली आणि ती डिस्क प्लास्टिकच्या डब्यात तांदळात ठेवली, ओल लागू नये म्हणून. तांदूळ कसला वापरायचा यावरून अनिल आणि विनोदची बराच वेळ चर्चा चालली. रुपालीने क्लाउडच्या पासवर्डखाली वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: खालचं पुसायचं नाही.

एकतीस तारखेला पावसाने दोन तास उघडीप दिली. अनिल शिडीवर चढला, रुपालीने खालून मागचा कागद सोलून अक्षरं दिली आणि बोटीच्या निळ्या रंगावर भैरीप्रसाद पांढरंशुभ्र बसलं. यमुनाबाईंनी 'र'च्या शेपटीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

घरी आल्यावर जानूंनी तो प्लायवूडचा तुकडा तिच्यापुढे ठेवला.

"ह्याचा पण फोटो काढ. वर टाक."

"हा? पण ही रेघ..."

"काढ गो. माझाच हात हाय."

रुपालीने तुकडा उजेडात धरला, फोटो काढला आणि फाईलला नाव काय द्यायचं ते विचारलं. जानू विचारात पडले. बराच वेळ झाला, तरी ते ठरवतच होते.